इंजिन बांधून ठेवतात तेव्हा

कनेरगाव नाक्यावर आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. हिंगोलीहून वाशिमकडे निघालात की जिल्हा संपता संपता नाका लागतो. एके काळी निजामाचं राज्य इथंच कुठंतरी संपायचं आणि वऱ्हाड सुरू व्हायचं. आता फक्त जिल्हा बदलतो आणि बोलण्यात ‘हाव’चं प्रमाण वाढतं. दुकानाच्या मागच्या बाजूला सिमेंटचा एक खोल हौद आहे. भरलेली सबमर्सिबल मोटार गिऱ्हाइकाला देण्याआधी अप्पा ती या हौदात सोडतात, दोरखंडानं वरच्या आडव्या पाइपाला बांधतात आणि लाईट देतात. मग टाँग टेस्टर वायरीला लावून अँपिअर बघत उभे राहतात. मोटार पाणी कुठंही नेत नाही, ते हौदातल्या हौदातच घुसळत राहतं. गिऱ्हाईक बाहेर बाकड्यावर बसून वैतागतं.

‘रॉकेट्री : द नंबी इफेक्ट’ मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा २०२२ मध्ये मित्रांबरोबर, तेव्हा शेवटी डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्यांदा मागच्या उन्हाळ्यात, दुकानात, मोबाईलवर. हौदात पाच एचपीची मोटार चालू होती आणि काउंटरवर फोन टेकवून मी बघत होतो. फ्रान्समधल्या इंजिन चाचणीचा प्रसंग आला तेव्हा अप्पा मागे येऊन उभे राहिले. आगीचा लोळ, काचेमागे उभी माणसं, थरथरणारे काटे. अप्पा म्हणाले, “त्याला बांधून कामून ठेवलंय?” मी म्हटलं, “टेस्ट चाललीय. उडवायचं नाही, नुसतं पेटवून बघायचं.” त्यांनी थोडा वेळ बघितलं. “मंग आपल्या हौदावानीच हाय की,” म्हणाले आणि अँपिअर बघायला निघून गेले.

हा लेख त्या वाक्यामुळं लिहितोय. अप्पांना जे दहा सेकंदांत दिसलं ते सिनेमाला अडीच तासांत नीट दिसलेलं नाही, असं मला दुसऱ्यांदा पाहताना वाटलं. आणि ही गोष्ट एका सिनेमापुरती नाही. अंतराळावर आपण जे काही बघतो, वाचतो, शेअर करतो त्यात उड्डाण असतं, टाळ्या असतात, काउंटडाउन असतो. चाचणी नसते. असलीच तर ती परीक्षेसारखी असते.

‘रॉकेट्री’ला काय जमलं

आधी जमेची बाजू. भारतीय सिनेमात एका द्रवइंधनी इंजिनाची जमिनीवरची चाचणी हा कथेचा कळस होऊ शकतो, हे कुणाच्या डोक्यात येणंच मोठी गोष्ट आहे. आर. माधवननं लेखन, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका तिन्ही केली आहेत, आणि त्याच्या नंबी नारायणनमध्ये एक गोड उद्धटपणा आहे. प्रिन्स्टनमधला हुशार, घाईतला विद्यार्थी आणि पोलिसांच्या खोलीतला मोडलेला माणूस एकाच चेहऱ्यात बसवणं सोपं नव्हतं.

फ्रान्सचा भाग सिनेमाचा सगळ्यात जिवंत भाग आहे. त्यामागचा खरा इतिहासही तितकाच भन्नाट आहे. १९७४ मध्ये इस्रो आणि फ्रान्सची एसईपी ही कंपनी यांच्यात करार झाला. फ्रान्स तेव्हा एरियान रॉकेटसाठी ‘वायकिंग’ नावाचं इंजिन तयार करत होता. भारताकडं देण्यासारखा पैसा नव्हता, माणसं होती. मग व्यवहार असा ठरला की भारतीय इंजिनिअरांनी तिकडं जाऊन फ्रेंचांच्या प्रकल्पात काम करायचं, एकूण १०० मनुष्य-वर्षं, आणि त्या बदल्यात वायकिंगचं तंत्रज्ञान भारताला मिळणार. आमच्याकडं एखाद्याच्या दुकानात वर्ष-दोन वर्षं फुकट राबून काम शिकायची पद्धत आहे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथं शिकाऊ पोरगं म्हणजे एक अख्खा देश होता.

त्यातून ‘विकास’ हे इंजिन तयार झालं. नावात विक्रम साराभाईंची आठवण आहे. फ्रान्समधल्या व्हेर्नाँ इथं १९८५ मध्ये त्याची चाचणी झाली. हेच इंजिन पुढं पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात बसलं, चांद्रयान-१ आणि मंगळयानाला घेऊन गेलं, आणि २०२३ च्या जुलैमध्ये चांद्रयान-३ उडालं तेव्हा त्या रॉकेटच्या द्रवइंधनी टप्प्यातही दोन ‘विकास’ इंजिनं होती. म्हणजे व्हेर्नाँच्या त्या बांधून ठेवलेल्या आगीपासून चंद्रापर्यंत सरळ रेघ ओढता येते. सिनेमाला ही रेघ दिसली, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

बिघडलं कुठं?

त्या प्रसंगात आपण नक्की काय बघतो ते आठवून बघा. इंजिन पेटतं. कॅमेरा आगीवर जातो, मग चेहऱ्यांवर, मग घड्याळावर, पुन्हा चेहऱ्यांवर. संगीत चढतं. ठरलेला वेळ पूर्ण होतो आणि मिठ्या सुरू होतात. बोर्डाचा निकाल लागल्यावर घरात जे होतं तेच. इंजिन पास झालं.

पण चाचणी म्हणजे पास-नापास नसतं. इंजिन लोखंडी सांगाड्यात जखडून पेटवतात, कारण त्याला जोर लावू द्यायचा असतो पण जाऊ द्यायचं नसतं. तो जोर मोजणारी उपकरणं मागे असतात. नळीनळीतला दाब, भिंतीचं तापमान, पंपांचा वेग, थरथर, सगळं क्षणाक्षणाला नोंदवलं जातं. आग खालच्या खड्ड्याकडं वळवतात आणि तिच्यावर पाण्याचा मारा करतात. आगीचा लोळ दिसतो तो कॅमेऱ्यासाठी. इंजिनिअर बघतात ते कागदावरच्या रेघा. चाचणी संपल्यावर खरं काम सुरू होतं, इंजिन उघडतात आणि कुठं काळं पडलंय, कुठं तडा गेलाय, कुठलं वायसर झिजलंय ते शोधतात. सगळं व्यवस्थित गेलेल्या चाचणीतही शोधतात.

या इंजिनांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ज्वलनाची अस्थिरता. जाळ एकसारखा जळत नाही, दाबाच्या लाटा उठतात, त्या लाटा जाळाला अजून चेतवतात आणि इंजिन स्वतःच्याच आवाजानं फुटू शकतं. अमेरिकेच्या सॅटर्न-५ रॉकेटचं एफ-१ इंजिन तयार होत असताना ही डोकेदुखी इतकी वाढली की इंजिनिअर चालू इंजिनाच्या ज्वलनकक्षात मुद्दाम छोटे बॉम्ब फोडायचे. इंजिनाला बिथरवायचं आणि ते किती वेळात स्वतःला सावरतं ते मोजायचं. शेवटी ते सेकंदाच्या दहाव्या भागात सावरायला लागलं. त्याच इंजिनांनी माणसाला चंद्राकडं ढकललं.

कुठल्याही परीक्षेत परीक्षक मुलाच्या खुर्चीखाली फटाका फोडत नाही. चाचणीत फोडतात, कारण तिथं कुणाला नापास करायचं नसतं. बिघाड कुठं लपलाय ते जमिनीवर असतानाच त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं.

‘विकास’च्याच घराण्यातलं उदाहरण घ्या. २३ मे १९८० ला एरियानचं दुसरं उड्डाण कोसळलं. कारण होतं पहिल्या टप्प्यातल्या एका वायकिंग इंजिनात आलेली हीच अस्थिरता. फ्रेंचांना इंजिनात सुधारणा करून पुन्हा चाचण्या कराव्या लागल्या. म्हणजे ज्या इंजिनाकडून आपण शिकत होतो ते इंजिनही त्याच काळात आपल्या चुका शिकत होतं. कथा सांगणाऱ्याला यापेक्षा मोठं नाट्य कुठं मिळणार? गुरूच्याच घरात आग लागलीय आणि शिष्य ते बघून शिकतोय! ‘रॉकेट्री’ मात्र आपल्याला हुशार माणसाच्या हुशारीचे किस्से सांगत राहतो. नंबी कुणाला शब्दांत पकडतो, कुणाकडून कोट्यवधींची यंत्रं फुकट आणतो, कुणाला कसा गुंडाळतो. मजा येते. पण बिघाड या पात्राला सिनेमात जागाच नाही. खलनायक सगळे माणसंच आहेत.

उन्नीचं मूल

एक प्रसंग मला पहिल्यांदा भिडला होता, दुसऱ्यांदा खटकला. फ्रान्समध्ये नंबीचा सहकारी उन्नी याच्या मुलाचं इकडं निधन होतं. बातमी नंबीला कळते आणि तो ती उन्नीपासून लपवतो, कारण काम महत्त्वाच्या टप्प्यावर आहे. नंतर उन्नीला कळतं, तो चिडतो, कोसळतो.

सिनेमा उन्नीचा राग दाखवतो, ही चांगली गोष्ट. पण कॅमेरा मनानं नंबीच्या बाजूला उभा आहे. देशासाठी याला किती कठोर व्हावं लागलं, असं आपल्याला वाटावं अशी ती रचना आहे. मला आता प्रश्न पडतो तो वेगळाच. एका माणसाशिवाय चाचणी होऊ शकत नसेल तर ती चाचणी अजून तयारच झालेली नाही. टेस्ट स्टँडचा सगळा आटापिटा त्यासाठीच असतो. यादी असते, एकाच्या कामावर दुसऱ्याची सही असते, तिसरा थांबवू शकतो. कुणा एकाची हुशारी, कुणा एकाचं दुःख किंवा कुणा एकाची झोप यांवर काम अवलंबून राहू नये म्हणून. सिनेमाला मात्र त्याग हवा असतो, आणि त्याग नेहमी एका माणसाचा असतो. यादीला त्याग करता येत नाही.

सिनेमा आल्यानंतर दोनेक महिन्यांत तिरुअनंतपुरममध्ये इस्रोच्या काही निवृत्त शास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेऊन सिनेमातल्या बऱ्याच दाव्यांवर जाहीर आक्षेप घेतले. त्यात लिक्विड प्रोपल्शन सिस्टिम्स सेंटरचे माजी संचालक ए. ई. मुथुनायगम होते. तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला आज आपली द्रवइंधनी आणि क्रायोजेनिक इंजिनं तपासली जातात, त्या जागेच्या उभारणीशी जोडलेलं हे नाव. सिनेमा पाहून आलेल्या माझ्या एकाही मित्राला ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. कोणत्या कामाचं किती श्रेय कुणाचं, याचा निवाडा मी नाक्यावर बसून करणार नाही. नंबी नारायणन यांच्यावर झालेला अन्याय खराच आहे. ३० नोव्हेंबर १९९४ ला त्यांना अटक झाली, पीएसएलव्हीच्या पहिल्या यशस्वी उड्डाणानंतर जेमतेम दीड महिन्यानं. १९९६ मध्ये सीबीआयनं आरोप खोटे ठरवले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ५० लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला. हे सगळं वाचताना आजही संताप येतो. पण अन्याय झालेल्या माणसाला न्याय द्यायचा म्हणून त्याच्या आजूबाजूची सगळी माणसं पुसट करायची गरज नव्हती. शेवटी माधवनच्या जागी खरे नंबी नारायणन पडद्यावर येतात तो क्षण इतका ताकदीचा आहे की त्याला या फुगवट्याची गरजच नव्हती.

चार सेकंद

आता दुसरा सिनेमा, ‘मिशन मंगल’. २०१९ च्या १५ ऑगस्टला आला. त्यातला पुऱ्यांचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. तेल तापलं की गॅस बंद करायचा, पुऱ्या तरीही तळल्या जातात. मंगळाकडं जाताना इंधनही तसंच वाचवायचं. कल्पना गोड आहे. माझ्या आईला हा सिनेमा त्यामुळंच आवडला, आणि आईला मंगळयान कळलं हे काही थोडं नाही. पण खऱ्या मंगळयानात इंजिनाची एक चाचणी झाली होती, आणि माझ्या मते ती आपल्या अंतराळ इतिहासातली सगळ्यात श्वास रोखायला लावणारी गोष्ट आहे.

५ नोव्हेंबर २०१३ ला यान उडालं. १ डिसेंबरला त्याच्या मुख्य द्रवइंधनी इंजिनानं त्याला पृथ्वीच्या ओढीतून बाहेर काढलं आणि ते इंजिन शांत झालं. पुढं जवळजवळ ३०० दिवस ते बंद होतं. मंगळाजवळ पोचल्यावर तेच इंजिन उलट्या दिशेनं पेटवून यानाचा वेग कमी करायचा होता, नाहीतर यान मंगळाला ओलांडून निघून गेलं असतं. आता विचार करा, गंजवणारं रसायन भरलेल्या नळ्या, थंडी, निर्वात पोकळी आणि दहा महिन्यांची झोप. पेटेल का? तिथं हौद नाही. इंजिन काढून आणता येत नाही. सिग्नल जायलाच बारा-तेरा मिनिटं लागतात.

मग २२ सप्टेंबर २०१४ ला दुपारी त्यांनी ते इंजिन ३.९६८ सेकंद पेटवून बघितलं. चार सेकंदसुद्धा नाही. अर्ध्या किलोपेक्षा थोडं जास्त इंधन गेलं, वेगात सेकंदाला दोन मीटरच्या आसपास फरक पडला. इंजिन जिवंत होतं. ते पेटलं नसतं तर आठ छोट्या इंजिनांवर काम भागवायची दुसरी योजना तयार होती. दोन दिवसांनी, २४ सप्टेंबरच्या सकाळी, तेच इंजिन २३ मिनिटं चाललं आणि यान मंगळाच्या कक्षेत गेलं.

मी तेव्हा अकरावीत होतो. २४ तारखेचे फोटो, साड्या नेसलेल्या शास्त्रज्ञ महिलांचं हसू, सगळं आठवतं. २२ तारखेचं काहीच आठवत नाही. त्या चार सेकंदांचा फोटो नाही, कारण काढण्यासारखं काही नव्हतंच. आकड्यात बारीकसा बदल, एवढंच. आपल्या सिनेमाला अशा आकड्याकडं बघायची नजर अजून आलेली नाही. त्याला पुऱ्या लागतात.

मराठीत शोधलं तर

मराठीकडं वळतो, कारण आपण तक्रारी हिंदी सिनेमाच्या करतो आणि आपल्या घरात डोकावत नाही. मराठी विज्ञानकथेला मोठी वाट मिळाली ती जयंत नारळीकरांमुळं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली आणि ती पहिली आली. आपल्या नावामुळं निकाल झुकू नये म्हणून टोपणनाव. ही मला चाचणीवृत्तीच वाटते, कथेला बांधून ठेवून तिचा जोर मोजण्याची. पण त्या वाटेनं आलेली आपली विज्ञानकथा कल्पनांची आहे. काळ वाकतो, ग्रह येतात, यंत्रं विचार करतात. सिद्धांताच्या माणसानं घातलेली वाट असल्यावर ते साहजिकच आहे. वेल्डर, फिटर आणि तिसऱ्यांदा गळणारा व्हॉल्व्ह त्या वाटेवर फारसे भेटत नाहीत.

आणि माणसं नव्हती असंही नाही. वसंत गोवारीकर हे नाव घ्या. मराठी घरांत ते पावसाचा अंदाज सांगणारे म्हणून लक्षात आहेत, सोळा घटकांचं मॉडेल वगैरे. पण त्याआधी १९६७ मध्ये ते ब्रिटनमधून थुंब्याला आले होते ते रॉकेटच्या घनइंधनासाठी, आणि १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. आपण त्यांचा पाऊस लक्षात ठेवला, आग विसरलो. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात ‘विकास’ आणि क्रायोजेनिक इंजिनं घडतात. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला रॉकेटच्या मोटारींची भलीमोठी कवचं तयार होतात. लोकलमधून विक्रोळी ओलांडणाऱ्या किती जणांना माहीत असेल की रुळांपासून थोड्या अंतरावर चंद्राकडं जाणाऱ्या इंजिनाचं वेल्डिंग चाललंय? त्या वेल्डरवर मराठीत एक कादंबरी का असू नये?

आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. २०२३ मध्ये केंद्रानं तिच्यासाठी २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांत प्रोटॉनपेक्षाही लहान हालचाल पकडायची. म्हणजे रॉकेटच्या टेस्ट स्टँडचं नेमकं उलटं यंत्र, तिथं जगातला सगळ्यात मोठा आवाज तर इथं सगळ्यात खोल शांतता. पण ते उभं राहिल्यावरही लगेच काही ‘सापडणार’ नाही. आधी ट्रकचा हादरा, वारा, रेल्वे असा एकेक गोंगाट ओळखून बाजूला काढावा लागेल. उद्घाटनाच्या फितीचा फोटो सगळे टाकतील. पुढची ती वर्षं कोण लिहिणार?

वहीतली नोंद

हे सगळं मला इतकं का लागतं, ते सांगतो.

मी स्पर्धा परीक्षेच्या नादात चार वर्षं घालवली. चारही वेळा राहिलो. परत आलो तेव्हा नाक्यावर ओळखीचं कुणी दिसलं की रस्ता बदलायचो. अप्पांनी काही विचारलं नाही, हातात तार दिली. वर्षभरात वाइंडिंग जमायला लागलं. रब्बीत एकदा अप्पा तार आणायला अकोल्याला गेले होते. एक ओळखीचे काका आले, गव्हाला पाणी द्यायचं होतं, त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. “पोरा, दे बरं लवकर, लाईट यायच्या आत सोडाव लागंल.” मी सिरीजच्या बल्बवर मोटार तपासली. बल्ब लागला. हौदात चालवली नाही. दिली.

रात्री तीन तास चालून मोटार जळाली. केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं होतं. जॉइंट मीच केला होता. बोअरमधून मोटार पुन्हा वर ओढायची म्हणजे माणसं, साखळी, पाइपांचे सांधे उघडणं. दोन दिवस गव्हाला पाणी नाही. अप्पांनी ओढायचा खर्च दिला, मोटार स्वतः भरली, पैसे घेतले नाहीत. मी शिव्यांची वाट बघत होतो. संध्याकाळी ते म्हणाले, “मोटार खाली गेल्यावर तिला ईचारता येत नसतं. जे ईचारायचं ते हितंच ईचारून घ्यावं.”

दुकानात एक लांबट वही आहे. प्रत्येक मोटारीची त्यात नोंद असते, एचपी, किती वेढे, हौदात किती अँपिअर घेतले. त्या तारखेपुढं अप्पांनी लिहिलं होतं, ‘जॉइंट. हौदात चालवली नाही.’ माझं नाव नव्हतं. मी ती ओळ कितीतरी वेळा वाचली असेल. चार वर्षं मी ज्या याद्यांमध्ये नाव शोधत होतो त्यांत नापास होणारा मी असायचो. या वहीत चुकलेला होता तो जॉइंट.

तेव्हापासून मी दुसऱ्या मोटारी भरतो, प्रत्येक हौदात सोडतो, आणि रॉकेटचे सिनेमे वेगळ्या नजरेनं बघतो.

मला हवा असलेला सिनेमा

तो खरा घडून गेलेला आहे. १५ एप्रिल २०१० ला भारताचं पहिलं स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन घेऊन जीएसएलव्ही-डी३ उडालं. उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन. तिसरा टप्पा पेटायची वेळ आली आणि इंधनाचा बूस्टर पंप सुरू होऊन जवळजवळ लगेच थांबला. रॉकेट समुद्रात गेलं. पुढं साडेतीन वर्षांहून जास्त काळ माणसं त्या एका पंपाच्या मागं लागली. काय अडकलं? सील आवळलं गेलं का? कवच फुटलं का? तो पंप पुन्हा कुणाच्या हातात येणार नव्हता, समुद्राच्या तळाशी होता. हाती होते फक्त आकडे आणि महेंद्रगिरीचा टेस्ट स्टँड. जमिनीवरच आकाशासारखी पोकळी तयार करून इंजिन पेटवून बघितलं गेलं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रॉकेट पुन्हा उभं राहिलं आणि उड्डाणाच्या तासाभर आधी इंधनगळती दिसली, थांबवलं. तो टप्पा ‘विकास’ इंजिनाचा होता. शेवटी ५ जानेवारी २०१४ ला उडालं आणि जमलं.

या गोष्टीत एकच नायक काढता येत नाही, म्हणून कदाचित ती कुणी काढत नाही. पण कल्पना करा, एक खोली, भिंतीवर एका सेकंदाचा आलेख, आणि त्याच्याभोवती बसलेली दहा-बारा माणसं. त्यातलं कुणी तमिळ, कुणी मल्याळी, कुणी विक्रोळीहून पार्ट घेऊन आलेला मराठी. घरी लग्नं होताहेत, आईवडील आजारी पडताहेत, आणि ही माणसं विचारताहेत की त्या एका सेकंदात काय झालं. कुणी ओरडत नाही. कुणाचं नाव फळ्यावर नाही, शंका मात्र एकेक करून लिहिलेल्या आहेत. एकेक शंका खोडली जाते. ऑगस्टमध्ये काउंटडाउन थांबवणारा माणूस त्या सिनेमात टाळ्या घेईल, आणि प्रेक्षकाला कळेल की थांबवणं हाही निर्णय असतो.

‘रॉकेट्री’नं दार उघडलं हे मी मान्य करतो. एखादं इंजिन आपल्या भावनांचं केंद्र होऊ शकतं, हे त्यानं दाखवलं. पण त्यानं चाचणीला परीक्षा केलं, आणि परीक्षांनी आधीच वाकलेल्या आपल्या पिढीला अजून एक परीक्षा दाखवली, जिच्यात हुशार माणूस पास होतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. आमच्या नाक्यावरून रोज एसटीनं हिंगोलीला, वाशिमला क्लासला जाणारी जी पोरं-पोरी आहेत, त्यांना आणखी एक हुशार माणूस दाखवून काय मिळणार? त्यांना कुणीतरी सांगायला हवं की पेटवून बघणं, थांबवणं, उघडून बघणं आणि पुन्हा भरणं हेच काम आहे. ते कामाच्या आधीचं काही नाही.

हे लिहीत असताना मागं हौदात साडेसातची मोटार सोडलेली आहे. तिचे मालक तिसऱ्यांदा आत डोकावून गेले. अप्पा म्हणाले, “बसा वो, च्या सांगतो.” काटा अजून थोडा वर दाखवतोय. बहुतेक पुन्हा उघडावी लागेल.